सभासद, नगरसेवक, पार्षद : नगरपालिकेच्या उत्तरदायित्वाचा एक इतिहास

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणींलगत अहिवारा हे लहानसे नगर आहे. तेथे नगरपालिका आहे, प्रभाग आहेत आणि प्रभागातून निवडून येणारे लोकप्रतिनिधीही आहेत. भिलाई-दुर्ग परिसरात दोन-तीन पिढ्या स्थायिक झालेला मराठी भाषक या प्रतिनिधीला 'नगरसेवक' म्हणत नाही; भोवतालच्या हिंदीप्रमाणे तो त्याला 'पार्षद' म्हणतो. एकाच पदासाठी दोन भाषांत दोन वेगळे शब्द असावेत, यात नवल काही नाही. परंतु या दोन शब्दांमागे त्या पदाविषयीच्या दोन वेगळ्या कल्पना आहेत आणि नगरपालिकेचा सभासद नेमका कोणाला उत्तर देण्यास बांधील आहे, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरेही त्यांत दडलेली आहेत.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा मागोवा दोन ठिकाणी घेतला आहे. पहिले ठिकाण एकोणिसाव्या शतकातील पुणे आणि तेथील नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले. दुसरे ठिकाण एकविसाव्या शतकातील छत्तीसगढ आणि तेथील निवडून दिलेल्या अध्यक्षाला परत बोलावण्याचा कायदा. पुण्यात एका सभासदाने सभागृहात राहून कारभाराला प्रश्न विचारला आणि तो प्रश्न नोंदीत ठेवला. छत्तीसगढात नागरिकांना खुर्ची रिकामी करण्याचा अधिकार मिळाला. उत्तरदायित्वाचे हे दोन मार्ग परस्परांवाचून अपुरे राहतात, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. शब्दांचा मागोवा

'सभासद' हा मराठीतील जुना शब्द. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे शिवचरित्राची बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत हा 'सभासद' होता. तेथे या शब्दाला राजसभेत बसण्याचा मान, असा अर्थ आहे. सभासद राजाला सल्ला देतो आणि राजालाच जबाबदार असतो. इंग्रजी अमदानीत हाच शब्द नगरपालिकेच्या सदस्यासाठी रूढ झाला. सरकारनियुक्त सदस्यांच्या काळात त्याचा जुना अर्थ फारसा बदललाही नाही, कारण सदस्य नेमणारे सरकार होते आणि त्याला दूर करणारेही सरकारच होते.

त्याच काळात 'म्युनिसिपल कमिशनर' असाही शब्द प्रचारात होता. आज हा शब्द उच्चारताच आपल्यासमोर शासनाने नेमलेला प्रशासक उभा राहतो. त्या वेळी मात्र नगरपालिकेचा सभासदही 'म्युनिसिपल कमिशनर' म्हणवला जाई. पुढे इंग्रजीतील कल्पनेवरून 'नगरपिता' हा शब्द आला. त्यात वडीलधारेपणाचा अधिकार होता. वडील मुलांना हिशोब देत नाहीत, ही समजूतही त्यात गृहीत होती. 'नगरसेवक' या शब्दाने हे नाते उलटे केले. जो सेवा करतो त्याला धन्याने हिशोब मागावा, हे या शब्दातच मान्य केलेले आहे. व्यवहारात 'सेवक' हा शब्द फलकांवर आणि अभिनंदनाच्या जाहिरातींत उरला, हा भाग वेगळा.

'पार्षद' म्हणजे परिषदेचा घटक. हिंदीत हा शब्द सदस्यत्वाचा बोध देतो, सेवेचा नव्हे. मराठी वाचकाच्या मनात मात्र पुराणांतील विष्णूचे पार्षद उभे राहतात आणि जय-विजय हे त्यांतले सर्वांत परिचित. ते स्वामीच्या दाराशी उभे असतात आणि आत कोणाला सोडायचे हे ठरवतात. छत्तीसगढातील मराठी बोलणारा माणूस 'पार्षद' म्हणताना हा संदर्भ मनात आणत नसेलही. तथापि दाराशी उभा असलेला मध्यस्थ ही प्रतिमा लहान नगरांतील लोकप्रतिनिधीच्या प्रत्यक्ष स्थानाशी किती जुळते, हे पुढे दिसेल.

२. नगरपालिकेपूर्वीचे पुणे

गावगाड्यात उत्तरदायित्वाची एक रीत होती. गोतसभेपुढे वाद येई, वृत्तीचा निवाडा होई आणि महजर लिहून त्यावर उपस्थितांच्या निशाण्या पडत. नांगर, लेखणी अशा आपापल्या वृत्तीच्या चिन्हांनी लोक साक्ष देत. निर्णय कोणापुढे झाला याची नोंद राहत असे. ती व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती, हे विसरता येणार नाही. परंतु तिच्यात लेखी साक्षीला स्थान होते, एवढे मान्य करावे लागते.

पेशवाईतील पुण्यासारख्या मोठ्या शहरात अशी रीत पुरी पडणारी नव्हती. तेथे कोतवाल होता आणि तो दरबाराला जबाबदार होता. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाचा झालेला शेवट सर्वश्रुत आहे. कोतवालाने डांबून ठेवलेली माणसे कोठडीत गुदमरून मेली, शहर खवळले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये आणि विजय तेंडुलकरांनी १९७२ मध्ये हा विषय हाताळला. तेंडुलकरांच्या नाटकाची चर्चा बहुतेक सत्तेच्या स्वरूपाच्या अंगाने झाली आहे. नागरी इतिहासाच्या अंगाने पाहता या घटनेचा आणखी एक अर्थ निघतो. ज्या शहराला आपल्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याची जागा नसते, त्या शहरापुढे निमूट सोसणे आणि दगड उचलणे एवढे दोनच मार्ग उरतात. प्रश्नाची जागा निर्माण होणे ही म्हणूनच नगराच्या इतिहासातील मोठी घटना ठरते.

३. नियुक्त सभासदाचे एक मत

पुण्यात नगरपालिका स्थापन झाली ती १८५७ मध्ये, १८५० च्या कायद्यान्वये. सदस्य सरकारनियुक्त होते आणि कारभारावर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांची पकड होती. या सभागृहात जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात सभासद होते. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. खडकवासल्याच्या धरणाला बांधकामाचे साहित्य पुरवणारे कंत्राटदार म्हणूनही ते शहराला परिचित होते. म्हणजे सार्वजनिक बांधकामाचा पैसा कसा वाहतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

या काळातील त्यांच्या कामापैकी तीन प्रसंग येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रसंग व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीचा. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला. फुले यांनी विरोध केला आणि ती रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावी, असे सुचवले. बत्तीस सभासदांत विरोधी मत पडले ते त्यांचे एकट्याचे. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला.

दुसरा प्रसंग १८८० चा. शहरात दारूची दुकाने वाढत होती. जुलै महिन्यात फुले यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून हा प्रश्न मांडला. शहराच्या आरोग्यासाठी नगरपालिका स्वच्छतेवर खर्च करते. मग जी दुकाने नागरिकांचे आरोग्य आणि संसार उद्ध्वस्त करतात, त्यांच्याकडे तिने डोळेझाक का करावी आणि त्यांच्यावर कर का बसवू नये, असा त्या पत्राचा रोख होता. अबकारीचे उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जात होते, तर दारूचे परिणाम शहराच्या पेठांतून दिसत होते. लाभ एकाकडे आणि भार दुसऱ्याकडे, ही विसंगती एका सभासदाने पत्रातून पटलावर आणली.

तिसरा प्रसंग मंडईच्या इमारतीचा. भाजीबाजारासाठी मोठ्या खर्चाची भव्य इमारत उभारण्याच्या योजनेला फुले यांचा आणि हरी रावजी चिपळूणकर यांचा विरोध होता, असे चरित्रकार नोंदवतात. एवढा पैसा शिक्षणाकडे वळावा, हे फुले यांचे म्हणणे होते. शहरात भाजी घेऊन येणाऱ्या माळी-कुणब्यांच्या बाजूने पाहिले तर या विरोधाला आणखी एक अर्थ येतो. १८८३ मध्ये लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतमालावर शहराच्या वेशीवर पडणाऱ्या जकातीचा जाच त्यांनी मांडला आहे. नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा भाग अशा जकातीतून येई. जो शेतकरी नगरपालिकेच्या तिजोरीत भर घालतो त्याला नगरपालिकेच्या सभागृहात जागा नाही आणि त्याच्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या इमारतीविषयी त्याला कोणी विचारत नाही, ही गोष्ट फुले यांच्या दृष्टीतून सुटणे शक्य नव्हते.

या तिन्ही प्रसंगांत काही समान सूत्रे आढळतात. फुले यांचा प्रश्न प्रत्येक वेळी खर्चाविषयी किंवा उत्पन्नाविषयी आहे. पैसा कोणाचा, खर्च कोणासाठी आणि त्या खर्चामुळे कोणते काम मागे पडते, ही त्याची तीन अंगे होत. शिवाय हा प्रश्न सभागृहाच्या रीतीनेच विचारलेला आहे: मतदानातून, पत्रातून, चर्चेतून. त्यामुळे त्याची नोंद राहिली. आणि फुले यांना नेमणारे सरकार होते, पण त्यांनी उत्तरदायित्व मानले ते ज्यांना मताधिकारच नव्हता अशा लोकांशी. नेमणूक आणि बांधिलकी यांच्यातील हे अंतर लक्षात घेतल्यावाचून त्यांच्या सभासदत्वाचे वेगळेपण कळत नाही. जुन्या अर्थाचा सभासद राजाकडे तोंड करून बसलेला असतो. फुले यांनी सभागृहात बसून आपले तोंड रस्त्याकडे वळवले.

४. हंटर आयोगापुढील स्वाक्षरी

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान सुप्रतिष्ठित आहे. परंतु त्या निवेदनाच्या शेवटी स्वतःची ओळख देताना फुले यांनी व्यापारी आणि शेतकरी यांच्या जोडीला 'म्युनिसिपल कमिशनर' असा आपला निर्देश केला आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. हे निवेदन समाजसुधारकाचे आहे, तसेच ते नगरपालिकेच्या सभासदाचेही आहे.

या दृष्टीने त्यातील नगरपालिकांविषयीची शिफारस पाहण्यासारखी आहे. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांच्या खर्चाचा सगळा वाटा उचलावा, परंतु शाळांचे व्यवस्थापन कोणत्याही परिस्थितीत संपूर्णपणे त्यांच्या हाती सोपवू नये, तर त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असे त्यांचे मत होते. नगरपालिकेत सहा वर्षे काढलेला सभासद स्वतःच्याच संस्थेविषयी हे सांगतो आहे. तिने पैसा द्यावा, हे कर्तव्य; तिच्या हाती सर्वस्वी कारभार देऊ नये, हा अनुभव.

१८८२ हे वर्ष स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात लॉर्ड रिपन यांच्या ठरावाचे वर्ष म्हणून ओळखले जाते. त्या वर्षीच्या मे महिन्यात रिपन यांनी स्थानिक संस्थांमध्ये निवडणुकीचे तत्त्व आणि बिनसरकारी सदस्यांचे बहुमत यांचा पुरस्कार केला. सुशिक्षित वर्गात या ठरावाचे उत्साहाने स्वागत झाले. फुले यांच्या शिफारशीतील सावधपणा त्या उत्साहाच्या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. मताधिकार मालमत्तेवर आणि शिक्षणावर आधारलेला राहिला, तर निवडून आलेला सभासद मतदाराला उत्तर देईल. मत नसलेल्या बहुसंख्यांना मात्र कोणीच उत्तर देणार नाही. स्वराज्य आणि उत्तरदायित्व या गोष्टी एकच नव्हेत, हा भेद फुले यांनी सैद्धांतिक भाषेत मांडला नाही. तथापि त्यांच्या शिफारशीत तो स्पष्ट आहे.

मुंबईचा अनुभव येथे तुलनेला उपयोगी पडतो. तेथे १८६५ नंतर आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराचा कायापालट केला, पण अफाट खर्चामुळे १८७१ मध्ये करदाते खवळले आणि त्यातून १८७२ चा कायदा आला. चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावेत, अशी त्यात तरतूद होती. मुंबईत उत्तरदायित्वाची मागणी कर भरणाऱ्याने आपल्या खिशासाठी केली. पुण्यात फुले यांनी ती केली, ती शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी. पहिल्या मागणीतून कायदा निर्माण झाला. दुसरीतून तत्काळ काहीच निष्पन्न झाले नाही.

५. नोंदीचे उत्तरायुष्य

'काहीच निष्पन्न झाले नाही' हे विधान त्या काळापुरतेच खरे आहे. पुण्याची मंडई बांधून झाली आणि १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव लेवून उघडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोपाळ कृष्ण गोखले नगरपालिकेचे अध्यक्ष असताना सभासदांनी प्रश्न विचारण्याच्या आणि कामकाजाचा वृत्तान्त प्रसिद्ध करण्याच्या प्रथेला चालना मिळाली. फुले आणि गोखले यांची सामाजिक भूमिका एक नव्हती. परंतु सभागृहातील प्रश्न हा एकट्याचा हट्ट न राहता रीतसर हक्क व्हावा, या दिशेने हे पाऊल पडले, असे म्हणता येईल.

१९२५ मध्ये नगरपालिकेत निवडून आलेल्या केशवराव जेधे यांनी पुण्यात फुले यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव आणला. तो नामंजूर झाला आणि त्यावरून पुण्यात मोठा वाद पेटला. पुढे १९३८ च्या सुमारास, प्रल्हाद केशव अत्रे नगरपालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष असताना 'रे मार्केट'चे नामकरण 'महात्मा फुले मंडई' असे झाले. ज्या वास्तूवरील खर्चाला सभासद फुले यांनी विरोध केला, तीच त्यांचे स्मारक झाली. मुंबईतील क्रॉफर्ड यांच्या नावाच्या मंडईलाही पुढे फुले यांचेच नाव मिळाले.

या योगायोगातील विरोधाभास दाखवून थांबणे सोपे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. नगरपालिकेने फुले यांचे नाव स्वीकारले, त्यांचा प्रश्न स्वीकारला असे म्हणता येत नाही. स्मारक उभारणे संस्थेला सोयीचे असते, कारण स्मारकाला उत्तर द्यावे लागत नाही. मंडईच्या दर्शनी भागावरील नाव रोज हजारो लोक वाचतात. त्या नावाच्या माणसाने याच इमारतीच्या खर्चाविषयी काय म्हटले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

६. छत्तीसगढ : मराठी सत्तेपासून पोलादनगरापर्यंत

आता दुसऱ्या ठिकाणाकडे वळू. छत्तीसगढशी मराठीचा संबंध अठराव्या शतकापासूनचा. नागपूरकर भोसल्यांची सत्ता तेथे १७४१ नंतर पसरली आणि बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि पुढे मध्य प्रांतात राहिला. दुर्ग, रायपूर, बिलासपूर येथील मराठी कुटुंबे या दीर्घ संबंधातून आली.

या परंपरेतील एक नाव तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे ते माधवराव सप्रे यांचे. १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी रामराव चिंचोलकर यांच्यासह 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. टिळकांच्या 'गीतारहस्या'चा आणि 'दासबोधा'चा हिंदी अनुवादही त्यांनी केला. या मासिकाचे प्रकाशक वामन बळीराम लाखे हे होते. लाखे यांनी रायपुरात सहकारी चळवळीचा पाया घातला, तेथील नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले आणि असहकाराच्या काळात सरकारची 'रायसाहेब' ही पदवी परत केली. मासिकाचे प्रकाशन, सहकारी पेढी आणि नगरपालिका ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असणे त्या पिढीला विसंगत वाटत नव्हते. वाचक, ठेवीदार आणि करदाता यांना विश्वासाने हिशोब देणे हे या तिन्ही कामांतले समान सूत्र होते.

१९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर भिलाईत पोलाद कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याबरोबर नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांची एक नवी वस्ती तयार झाली. या वस्तीचा नागरी अनुभव पुणेकर वा नागपूरकर मराठी माणसापेक्षा वेगळा होता. कारखान्याच्या नगरवस्तीत रस्ते, पाणी, दिवे, शाळा यांची जबाबदारी कारखान्याच्या नगरसेवा विभागाकडे होती. तक्रार करायची ती निवडून दिलेल्या प्रतिनिधीकडे नव्हे, तर विभागाच्या कार्यालयात. नळाला पाणी येत नसेल तर माणूस तेथे नागरिक म्हणून उभा राहत नसे, तर कर्मचारी म्हणून उभा राहत असे. नगरवस्तीच्या सीमेबाहेरच्या वस्त्यांना हे कार्यालयही नव्हते.

अहिवाऱ्यासारख्या खाणीलगतच्या नगराची स्थिती या सीमेवरची आहे. खनिजाचे स्वामित्वशुल्क राज्याच्या तिजोरीत जाते, खनिज कारखान्यात जाते आणि खाणीच्या शेजाराचा भार गावावर राहतो. २०१५ मध्ये खाणविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही व्यवस्था आली. खाणचालकांनी स्वामित्वशुल्काच्या प्रमाणात रक्कम द्यावी आणि ती खाणबाधित भागासाठी खर्च व्हावी, असा तिचा हेतू आहे. पण हा निधी जिल्हा पातळीवर ठरतो, नगरपालिकेच्या सभागृहात नव्हे. लाभ एकाकडे आणि भार दुसऱ्याकडे, ही १८८० मध्ये दारूच्या दुकानांविषयी मांडली गेलेली विसंगती येथे दुसऱ्या रूपाने उभी आहे. अशा नगराच्या पार्षदाकडे लोक पाणी, रस्ता आणि रोजगार मागतात. त्यांपैकी अनेक गोष्टींचे निर्णय त्याच्या सभागृहाबाहेर होतात. दाराशी उभ्या असलेल्या पार्षदाची पौराणिक प्रतिमा या ठिकाणी विलक्षण चपखल बसते. फरक एवढाच की या पार्षदाला आतल्यांनी नव्हे, तर बाहेरच्यांनी नेमलेले आहे.

७. रिकामी खुर्ची

घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, नियमित निवडणुका अनिवार्य केल्या आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखून दिल्या. तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. अहिवाऱ्यासारख्या लहान नगरांना ही सक्ती लागू नाही. म्हणजे जेथे पार्षद आणि नागरिक एकमेकांना नावाने ओळखतात, तेथेच त्यांच्यातील संवादाला कायद्याने दिलेली ठरावीक जागा नाही.

याच सुमारास अविभक्त मध्य प्रदेशाने एक वेगळे पाऊल उचलले. थेट जनतेतून निवडलेल्या नगराध्यक्षाला मुदतीपूर्वी परत बोलावण्याची तरतूद नगरपालिका कायद्याच्या ४७ व्या कलमात आली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि हा कायदा त्याच्याकडे वारशाने आला. निवडून आलेल्या पार्षदांपैकी तीन चतुर्थांश जणांनी सह्या करून जिल्हाधिकाऱ्याकडे प्रस्ताव द्यावा, अध्यक्षाची दोन वर्षे पूर्ण झालेली असावीत, आणि मग नागरिकांनी गुप्त मतदानाने निर्णय द्यावा, अशी ही पद्धत. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असत : भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. लोकभाषेत या मतदानाला 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' असे नाव पडले.

जून २००८ मध्ये छत्तीसगढात नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर या तीन नगरपंचायतींच्या अध्यक्षांना मतदारांनी परत बोलावले. यांपैकी नवागढ आणि गुंडरदेही तेव्हा अहिवाऱ्याच्याच, म्हणजे दुर्ग जिल्ह्यात होती. २०१२ मध्ये नवे जिल्हे झाल्यावर ती अनुक्रमे बेमेतरा आणि बालोद जिल्ह्यांत गेली. भारतीय लोकशाहीत परत बोलावण्याच्या हक्काची चर्चा बहुधा तात्त्विक पातळीवर होते. महानगरांतून आणि विद्यापीठांतून होते. प्रत्यक्षात तो हक्क बजावला, तो लहान नगरांतील मतदारांनी.

या घटनेचे महत्त्व मान्य करूनही तिची मर्यादा पाहिली पाहिजे. परत बोलावण्याची प्रक्रिया नागरिकाला सुरू करता येत नाही. ती सुरू करतात पार्षद, तेही तीन चतुर्थांश एकत्र आले तर. एखाद्या प्रभागातील पाण्याची तक्रार कितीही रास्त असली तरी तिच्यावरून खुर्ची हलत नाही. सभागृहातील गटांची जुळवाजुळव झाली म्हणजे हलते. मतदाराला शेवटचे मत मिळाले, पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही. शिवाय मतपत्रिकेवर दोनच चिन्हे असतात. कोणत्या कामाचा, कोणत्या खर्चाचा जाब विचारला जात आहे, हे त्या कागदावर नसते. खुर्ची रिकामी होते. ती का रिकामी झाली याची नोंद राहीलच असे नाही.

पुढील घटनाक्रमही बोलका आहे. २०१९ मध्ये छत्तीसगढात नगराध्यक्षाची निवड थेट जनतेतून करण्याऐवजी पार्षदांमधून करण्याचा बदल झाला, तेव्हा रिकाम्या खुर्चीच्या मतदानाचा आधारच नाहीसा झाला. २०२५ च्या निवडणुकीत थेट निवड परत आली. महाराष्ट्रातही थेट नगराध्यक्ष ही पद्धत सत्तांतरांबरोबर आली, गेली आणि परत आली. अध्यक्ष कोणाला उत्तर देईल, हे नागरिकांच्या अनुभवावरून ठरण्याऐवजी राज्यातील सत्तेच्या सोयीवरून ठरत गेले, एवढे यावरून दिसते.

८. समारोप

पुण्याच्या नियुक्त सभासदाजवळ प्रश्न होता, अधिकार नव्हता. छत्तीसगढच्या मतदाराजवळ अधिकार आला, पण प्रश्नाची लेखी जागा आली नाही. दोन्हींना विभागणारा सव्वाशे वर्षांचा काळ प्रगतीचा सरळ आलेख दाखवत नाही. मताधिकार वाढला, राखीव जागा आल्या, खुर्ची रिकामी करण्याचा हक्कही आला, आणि तरीही १८८० च्या पत्रातील साधा प्रश्न सभागृहात रीतसर विचारला जाणे आजही अपवादच आहे. लाभ कोणाला आणि भार कोणावर, हे विचारणारा सभासद एकटा पडतो तो अजूनही.

साहित्याच्या अभ्यासकाने नगरपालिकेच्या इतिहासात का शिरावे, याचे उत्तर या ठिकाणी मिळते. नगरपालिकेचा ठराव, सभासदाचे पत्र, विरोधी मताची नोंद, आयोगापुढील निवेदन हे आपल्या भाषांतील गद्याचे दुर्लक्षित प्रकार आहेत. फुले यांच्या गद्याचा विचार आपण 'गुलामगिरी' आणि 'असूड' यांच्या आधाराने करतो. त्या गद्याला धार लावणारी सहा वर्षांची सभागृहीय शाळा मात्र आपल्या दृष्टिआड राहते. हिशोब मागणारे वाक्य कसे लिहावे, हे त्या शाळेत शिकायला मिळत होते. त्याचप्रमाणे हिंदी आणि छत्तीसगढी भोवतालात जगणारा मराठी भाषक 'पार्षद' या शब्दाने काय अपेक्षितो, तो आपली तक्रार कोणत्या भाषेत लिहितो आणि तिला कोणत्या भाषेत उत्तर मिळते, हाही तौलनिक अभ्यासाचा विषय व्हायला हवा.

नगरसेवक म्हणावे की पार्षद, हा वाद येथे गौण आहे. दोन्ही शब्दांना अर्थ येतो तो सभागृहातील नोंदवहीमुळे. एखाद्या प्रभागातील नागरिकाने विचारलेला प्रश्न त्याच्या प्रतिनिधीने पटलावर ठेवला, त्याचे लेखी उत्तर मागितले आणि ते उत्तर नागरिकाला वाचता आले, तर खुर्ची भरलेली असो वा रिकामी, उत्तरदायित्वाला आधार राहतो. बत्तीसांत एक मत हे संख्येच्या दृष्टीने हरलेले मत होते. त्याची नोंद झाली, म्हणून ते आजही आपल्याला उत्तर मागू शकते.